गच्चीवरचा घाट

नेरळहून माथेरानला चढणाऱ्या गाडीचे दोन रूळ एकमेकांपासून ६१० मिलिमीटर अंतरावर आहेत. या आकड्याला १९ नं भागलं की सुमारे ३२ येतात. बत्तीस मिलिमीटरचा रूळ हे जगभरातल्या बागेतल्या रेल्वेचं एक मान्य माप आहे, आणि त्या मापाची चाकं, रूळ, सांधे कुठे ना कुठे रोज तयार होत असतात. या घाटातली सर्वांत अवघड वळणं सुमारे साठ फूट त्रिज्येची आहेत. तीही १९ नं भागली, तर त्रिज्या एक मीटरच्या आत येते. म्हणजे नेरूळमधल्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर दोन मीटर रुंदीची जागा असेल, तर माथेरानचं खरंखुरं वळण, कुठेही काटछाट न करता, तिथे मांडता येतं.

एवढ्या हिशेबातून एक सबंध छंद उघडतो. मोठ्या मापाचं रेल्वे इंजिन स्वतः बांधायचं, त्याच्या पोटात बॅटरी ठेवायची आणि हातातल्या रेडिओवरून ते चालवायचं, एवढंच त्याचं वर्णन. पुढच्या पानांत त्याची ओळख करून द्यायची आहे, आणि ती करताना नवी मुंबई डोळ्यांसमोर ठेवायची आहे, कारण या कामाला लागणारं जवळजवळ सगळं या शहराच्या तासाभराच्या परिघात मिळतं. कमी आहे ती फक्त एका समजाला छेद देणाऱ्याची. तो समज असा, की मोठं मॉडेल म्हणजे मोठा खर्च.

विकत घेणाऱ्यासाठी हा समज खरा आहे. न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीनं १९६८ साली 'एलजीबी' या नावानं ४५ मिलिमीटर रुळावरच्या गाड्या बाजारात आणल्या आणि युरोपातल्या बागांमधून त्या धावू लागल्या. त्या जातीचं तयार इंजिन आयात शुल्कासह भारतात आणायचं तर खर्च सहज पन्नास हजारांपुढे जातो. आणि एवढं करून जे हाती येतं ते स्विस किंवा जर्मन असतं. घाटातलं, कोकणातलं किंवा बार्शीचं इंजिन या मापात दुकानात मिळतच नाही. ते बांधावंच लागतं.

बांधणाऱ्याचा हिशेब मात्र उलटा चालतो. रेल्वे मॉडेलिंगमध्ये सर्वाधिक प्रचलित प्रमाण १:८७ आहे. पुण्यात कोथरूडला बी. एस. तथा भाऊ जोशी यांनी उभारलेलं लघुरेल्वे संग्रहालय याच प्रमाणातलं. १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुलं झालं. सिग्नल, रस्ते, पूल, दिवे यांसकट तिथलं अख्खं शहर एका नियंत्रण पटलावरून चालतं, आणि महाराष्ट्रातल्या कित्येक मुलांनी लहानपणी तिथे काचेला नाक लावलेलं आहे. त्या मापात जे साधलं आहे ते थक्क करणारं आहे. पण ते घरी, हातांनी, साध्या हत्यारांनी साधणं फार कठीण. १:८७ मध्ये हात एक मिलिमीटर चुकला, तर खऱ्या इंजिनावर ती जवळजवळ नऊ सेंटिमीटरची चूक दिसते. १:१९ मध्ये तीच चूक दोन सेंटिमीटरपेक्षा कमी भरते, आणि रंगाखाली झाकली जाते. इंजिनाच्या बाजूचा बत्तीस मिलिमीटर जाडीचा दांडा घ्या. लहान मापात तो एक तृतीयांश मिलिमीटरहून किंचित जाड करावा लागेल. मोठ्या मापात पावणेदोन मिलिमीटर, म्हणजे घरच्या वायरिंगमधली तांब्याची तार सरळ केली की दांडा तयार. रिव्हेटच्या जागी शिवणाच्या टाचणीचं डोकं चालतं.

दुसरी गोष्ट जागेची. लांबी, रुंदी, उंची तिन्ही वाढल्यामुळे १:१९ चं इंजिन १:८७ च्या इंजिनापेक्षा आकारमानानं सुमारे ९६ पट मोठं असतं. लहान इंजिनाला खास बनवलेली इवलीशी मोटर लागते, सूक्ष्म गिअर लागतात, नखाएवढा डिकोडर लागतो, आणि हे सगळं परदेशातून येतं. मोठ्या इंजिनात कॉलेजच्या रोबोटमध्ये वापरतात ती बारा व्होल्टची गिअर मोटर आरामात बसते. पॉवर टूलमधली बॅटरी बसते. दिवाळीच्या माळेतले एलईडी हेडलाइटला पुरतात. खर्च कमी होतो तो याच कारणानं. खास भागांची जागा सामान्य भाग घेतात.

या छंदाला आपल्याकडे एक वडीलधारी व्यक्ती आहे, आणि ती मॉडेल बनवणारी नव्हती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेत नोकरीला आला. थोड्या पैशांत रेल्वे कशी बांधायची हा त्याचा ध्यास होता. मोठी रेल्वे परवडत नाही म्हणून खेडी रेल्वेशिवाय राहतात, हे त्यानं दख्खनमध्ये पाहिलं. त्याचं उत्तर सोपं होतं. प्रत्येक धुरीवरचा भार पाच टनांवर जाऊ द्यायचा नाही, इंजिन असो वा वाघीण. भार सारखा वाटला गेला की यार्डाला तीस पौंडांचा हलका रूळ पुरतो. रूळ हलका झाला की पूल हलके होतात, भराव कमी लागतो, सगळंच स्वस्त होतं. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे या तत्त्वावर सुरू झाली. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. पुढे ती पंढरपूरला पोचली, लातूरला पोचली, मिरजेला पोचली आणि वारीच्या दिवसांत वारकऱ्यांनी भरून धावली. लीड्सच्या किटसन कारखान्यातली तिची इंजिनं सहा धुरींवर वजन पसरून उभी असत, ती याच हिशेबामुळे.

माथेरानच्या रेल्वेचा पहिला आराखडाही कॅलथ्रॉपच्याच डोक्यातला. प्रत्यक्ष रेल्वे उभारली ती आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानं. सोळा लाख रुपये खर्चून त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी ती १९०७ मध्ये पूर्ण केली. एकवीस किलोमीटरचा मार्ग, जागोजागी वीसात एक असा चढ, आणि त्या साठ फुटी वळणांची रांग. अशा वळणांवर तीन जोड चाकांचं साधं इंजिन अडकतं, कारण लांब चौकटीत घट्ट बसवलेल्या धुरी वळत नाहीत. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेलकडून चार इंजिनं आली ती क्लीन-लिंडनर पद्धतीची. या पद्धतीत पहिली आणि शेवटची धुरी पोकळ नळीसारखी असते. आतला गाभा चौकटीला धरून फिरतो, आणि बाहेरची चाकांसह असलेली नळी त्यावर थोडी कलते, थोडी बाजूला सरकते. वळण आलं की चाकं आपोआप रुळाच्या दिशेला वळतात. त्यातलं एक इंजिन आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, एक इंग्लंडला गेलं.

आता हेच इंजिन १:१९ मध्ये करायचं झालं, तर पोकळ धुरीची घडण करण्याची गरज पडत नाही. मधल्या चाकांची कड काढून टाकायची आणि टोकाच्या धुरींना दोन्ही बाजूंना मिलिमीटरभर सरकायला जागा ठेवायची. एक मीटर त्रिज्येच्या वळणावर इंजिन निमूट फिरतं. कॅलथ्रॉपला ज्या अडचणीनं जर्मनीपर्यंत नेलं, ती अडचण मॉडेलमध्ये कानशीच्या चार घासांत सुटते. मात्र ज्याला खरी क्लीन-लिंडनर धुरी करून पाहायची आहे, त्याला लेथवाला गाठून तीही करता येईल. १:१९ मध्ये ती करण्याएवढी मोठी असते, हा मोठ्या मापाचा आणखी एक लाभ.

चढाचा हिशेब मात्र टाळता येत नाही, आणि तो पहिल्या दिवशीच करायला हवा. वीसात एक चढावर गाडीच्या एकूण वजनाच्या पाच टक्के बळ फक्त गुरुत्वाकर्षणाशी झगडण्यात जातं. समजा चार किलोचं इंजिन आहे आणि मागे सहा किलोचे डबे. एकूण दहा किलोंवर अर्धा किलो चढाला, आणि वर साधारण दोनशे ग्रॅम चाकांच्या घर्षणाला. इंजिनाच्या चाकांची पकड त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत धरली, तर जास्तीत जास्त आठशे ग्रॅमची ओढ मिळते. गाडी चढेल, पण जेमतेम. आणखी एक डबा जोडला की चाकं जागच्या जागी फिरू लागतील. म्हणून मॉडेल इंजिन हलकं असणं हा गुण नाही. आतल्या रिकाम्या जागेत वजन भरावं लागतं, आणि त्यासाठी टायरच्या दुकानात चाकं बॅलन्स करताना काढून टाकलेले शिशाचे तुकडे उत्तम. तुर्भ्याच्या ट्रक टर्मिनलच्या आसपास ते विचारले तर मिळतात. शिसं हाताळताना हातमोजे घालावेत आणि मुलांना ते देऊ नये, एवढी काळजी पुरे.

दोन प्रकारच्या रुळांवर महाराष्ट्रातल्या जवळजवळ सगळ्या रेल्वे मावतात, हे सहसा कुणी मांडून दाखवत नाही. बत्तीस मिलिमीटरच्या रुळावर माथेरान १:१९ मध्ये बसते. त्याच रुळावर बार्शी, आणि यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर एकेकाळी धावणारी शकुंतला, १:२४ मध्ये नेमकी बसतात. पंचेचाळीस मिलिमीटरच्या रुळावर मीटरगेज १:२२.५ मध्ये येतं, म्हणजे मनमाडहून औरंगाबादमार्गे पूर्णेला जाणारी जुनी निजाम रेल्वे, वायपी आणि वायजी जातीच्या इंजिनांसह. आणि आपल्या रोजच्या ब्रॉडगेजचं अंतर १६७६ मिलिमीटर. त्याला ४५ नं भागलं की ३७.२ येतात. जगात या प्रमाणाला नाव नाही, मानक नाही, कारण युरोप-अमेरिकेतल्या रुळांचं अंतर वेगळं. ते लोक ४५ मिलिमीटरवर १:३२ वापरतात. आपल्याकडे पुष्कळ जण तेच उचलतात आणि मग भारतीय इंजिन अरुंद रुळावर उभं केल्यासारखं दिसतं. ब्रॉडगेजचं ते भारदस्त बसणं, ती रुंद पावलं, १:३७ मध्येच दिसतात. इथे परक्या मानकाची भीड बाळगू नये असं या लेखकाचं ठाम मत आहे.

१:३७ मध्ये काय बांधावं? सुरुवातीला डब्ल्यूडीएम-२. अमेरिकेच्या अल्को कंपनीची ही रचना १९६२ मध्ये भारतात आली, वाराणसीच्या कारखान्यात १९६४ पासून तिची बांधणी सुरू झाली आणि पुढची कित्येक दशकं देशातल्या अर्ध्याअधिक गाड्या तिनं ओढल्या असं वाटावं इतकी ती सर्वत्र होती. कल्याण आणि पुण्याच्या शेडमधली डब्ल्यूडीएम-२ घाटाखालीही दिसत आणि घाटावरही. बफरपासून बफरपर्यंत ती १७.१२ मीटर लांब. मॉडेल भरतं ४६ सेंटिमीटर. अंग सपाट, कोपरे सरळ, वळणदार पत्रा फारसा नाही, त्यामुळे जाहिरातींच्या फलकांना वापरतात त्या तीन मिलिमीटरच्या सनबोर्डातून पेपर कटरनं ती कापता येते. फलक बनवणाऱ्याकडे कापून उरलेले तुकडे असतात, आणि एका इंजिनाला तेवढे पुरतात.

तिची चाकं १०९२ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे मॉडेलवर २९. बाजारात २९ मिलिमीटरचं चाक मिळणार नाही. पण कळंबोलीच्या पोलाद बाजारातून आलेली पस्तीस मिलिमीटरची सळई तुर्भे, रबाळे, महापे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही लहान वर्कशॉपमध्ये पडलेली असते, आणि टर्नरला कागदावर आकृती काढून दिली तर बारा चाकं एका दुपारची गोष्ट आहे. आकृतीत चार आकडे हवेत: पृष्ठभागाचा व्यास, कडेची उंची, पृष्ठभागाचा किंचित उतार आणि मधलं भोक. पहिल्या चाकाचं माप व्हर्नियरनं स्वतः पाहून घ्यावं, मग उरलेली करायला सांगावीत.

वेगाचाही हिशेब आधी करून ठेवला की चुकीची मोटर घरी येत नाही. २९ मिलिमीटरच्या चाकाचा घेर ९१ मिलिमीटर. रोबोटच्या दुकानात सर्रास मिळणारी ३०० आरपीएमची गिअर मोटर थेट त्याला जोडली, तर मिनिटाला सव्वासत्तावीस मीटर अंतर कापलं जातं. १:३७ च्या प्रमाणात हा वेग ताशी साधारण ६१ किलोमीटर भरतो. मालगाडीला भरपूर, पॅसेंजरला पुरेसा. हजार आरपीएमची मोटर घेतली तर इंजिन ताशी दोनशेनं सुटतं आणि मॉडेल खेळण्यासारखं दिसू लागतं. माथेरानच्या गाडीचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास. तिथे दीडशे ते दोनशे आरपीएमची मोटर योग्य. डोळ्यांना खरं वाटणारं इंजिन नेहमी संथ असतं.

वीज रुळातून घ्यायची की बॅटरीतून, यावर परदेशात दोन पक्ष आहेत. नवी मुंबईत हा वाद उद्भवू नये. रुळातून वीज घ्यायची तर पितळी रूळ लागतात, आणि ते महाग. खाडीच्या खारट दमट हवेत पितळेवर थर चढतो, चाकाला वीज पोचत नाही आणि प्रत्येक वेळी गाडी सुरू करण्याआधी मैलोगणती नसली तरी मीटरभर मीटरभर रूळ घासत बसावं लागतं. बॅटरी इंजिनातच ठेवली की रुळाला फक्त वजन पेलायचं काम उरतं. मग रूळ अल्युमिनियमच्या पट्टीचा चालतो, लाकडाच्या स्लीपरमध्ये खाच पाडून ती पट्टी उभी ठोकली की झालं. पितळी रुळाच्या तुलनेत खर्च कितीतरी खाली येतो. लोखंडी पट्टी आणखी स्वस्त, पण जूनमध्ये लावलेली सप्टेंबरमध्ये तांबडी होते.

अठरा-सहाशे पन्नास या नावानं ओळखले जाणारे लिथियम सेल तीन ओळीनं जोडले की ११.१ व्होल्ट मिळतात, पूर्ण चार्ज झाल्यावर १२.६. अडीच अँपिअर-अवरचे सेल असतील आणि इंजिन सरासरी पाऊण अँपिअर घेत असेल, तर तीन तासांची धाव निघते. इथे मात्र पैसे वाचवू नयेत. जुन्या लॅपटॉपमधले सेल स्वस्तात मिळतात, पण त्यांची अंतर्गत अवस्था बाहेरून कळत नाही. नवे सेल, त्यांच्यासोबत त्यांना सांभाळणारं बीएमएस सर्किट, फ्यूज आणि लिथियमसाठीचाच चार्जर, एवढं घ्यायलाच हवं. ज्याला लिथियमचा भरवसा वाटत नाही त्यानं यूपीएसमधली सात अँपिअर-अवरची शिशाची बॅटरी मागच्या बंद वाघिणीत ठेवावी. ती दोन किलोंच्या पुढे भरते. चढ फार नसेल तर चालते.

रेडिओचा इतिहास या छंदाइतकाच जुना आहे. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात भिंतींपलीकडे तरंग पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. तीन वर्षांनी निकोला टेस्लानं न्यूयॉर्कमध्ये पाण्याच्या टाकीत एक लहान बोट तारेविना चालवली. त्याच वर्षी, १८९८ मध्ये, लंडनला पर्सिव्हल मार्शल यांनी मॉडेल करणाऱ्यांसाठी 'द मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक काढलं आणि कारकून, कामगार, शिक्षक अशा माणसांना घरच्या लेथवर इंजिन बांधायला शिकवलं. तरी पुढची कित्येक दशकं रेडिओ ही श्रीमंतांची किंवा सैन्याची गोष्ट राहिली. भारतात सामान्य माणसासाठी ती खुली झाली ती २००५ च्या अधिसूचनेनं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीची उपकरणं परवान्याविना वापरता येतात, आणि वायफाय, ब्लूटूथ, मॉडेल विमानांचे ट्रान्समीटर सगळे त्याच पट्ट्यात आहेत.

विमानांसाठीचा सहा चॅनलचा ट्रान्समीटर आणि त्याचा रिसीव्हर हा सर्वांत सरळ मार्ग. रिसीव्हर सेकंदाला पन्नास वेळा एक ठोका पाठवतो. ठोक्याची लांबी एक ते दोन मिलिसेकंद, आणि त्या लांबीतच वेग लिहिलेला असतो. इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर ती लांबी वाचून मोटरला तेवढी वीज देतो. रेसिंग कारसाठीचे कंट्रोलर घेताना एक गोष्ट पाहावी. त्यांपैकी अनेकांत मागे जाण्याआधी ब्रेक लागतो, आणि इंजिनाला शंटिंग करताना ते त्रासाचं होतं. ब्रेक बंद करायचा जंपर आहे का, हे दुकानातच विचारावं. वेग नेहमी अशा दांडीवर ठेवावा जी हात सोडला तरी जागेवर राहते. दिशा वेगळ्या स्विचवर द्यावी. इंजिन चालकाच्या हातीही वेगाचा आणि दिशेचा वेगळा दांडा असतो, हे ध्यानात घेतलं तर रचना आपोआप सुचते.

याहून स्वस्त मार्ग ईएसपी३२ या काहीशे रुपयांच्या बोर्डाचा. तो स्वतःचं वायफाय उभारतो, त्यावर एक पान चढवलं की कुठलाही मोबाइल रिमोट होतो. प्रोग्राम लिहावा लागतो, पण त्यात एक सौंदर्य आहे. इंजिनाला वजन देता येतं. दांडी एकदम पुढे केली तरी वेग हळूहळू वाढतो, दांडी शून्यावर आणली तरी गाडी काही अंतर घरंगळत जाते. शंभर टनांचं यंत्र जसं वागतं तसं हे चार किलोंचं यंत्र वागू लागतं. मोटर चालवायला नवखे लोक एल२९८ ड्रायव्हर घेतात. तो बारातले जवळजवळ दोन व्होल्ट स्वतःच खातो आणि तापतो. बीटीएस७९६० थोडा महाग, पण योग्य. आणि संपर्क तुटला की मोटर बंद व्हावी ही सोय प्रोग्राममध्ये पहिल्या दिवसापासून हवी. गच्चीच्या कठड्यापर्यंत पोचलेलं इंजिन हाकेला थांबत नाही.

अँटेना सनबोर्डाच्या अंगाआड ठेवली तरी चालते, पत्र्याच्या अंगाआड नाही. थ्रीडी प्रिंटिंगबद्दलही स्थानिक सावधगिरी हवी. सर्वांत सोपा आणि स्वस्त धागा पीएलए, तो साठ अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतो. मे महिन्यात काळ्या रंगाच्या इंजिनाचं छत उन्हात तेवढं सहज तापतं, आणि संध्याकाळी छताला पोक आलेलं दिसतं. बाहेर चालवायचं इंजिन असेल तर पीईटीजी किंवा एबीएस वापरावं.

खरी वाफ? ब्रिटनमध्ये ३२ मिलिमीटरच्या रुळावर गॅसवर तापणारी, खऱ्या वाफेची इंजिनं रेडिओवरून चालवतात. एक सर्व्हो वाफेची झडप उघडतो, दुसरा दिशा बदलतो. पाहणाऱ्याच्या अंगावर रोमांच येतात. पण बॉयलर हे दाबाचं भांडं आहे, त्याची चाचणी घ्यावी लागते, चांदीच्या डागाचं कौशल्य लागतं. ते दुसऱ्या किंवा तिसऱ्या इंजिनाचं काम.

मापं मिळवण्यासाठी कुणीही रुळांवर उतरू नये. रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाखाली तो गुन्हा आहे, आणि जिवाला धोका तर आहेच. गरजही नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या हेरिटेज गल्लीत जुनी इंजिनं उभी आहेत. तिथे १९२८ च्या सुमाराला आलेल्या डब्ल्यूसीजी-१ जातीचं इंजिन जवळून पाहता येतं. घाटातल्या मालगाड्या ओढणारं हे स्विस रचनेचं विजेचं इंजिन. त्याची दोन लांब नाकं मधल्या केबिनच्या दोन्ही बाजूंना वळतात, आणि चालताना बाजूच्या दांड्यांची हालचाल आणि आवाज असा की इथल्या रेल्वे कामगारांनी त्याचं नाव खेकडा ठेवलं. लोणावळ्याच्या चढावर या खेकड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गाड्या ढकलल्या. सपाट रचनेचं एखादं इंजिन करून झालं, हात बसला, की खेकड्याकडे वळावं. त्याचं वळणारं अंग गच्चीवरच्या अरुंद वळणांना फार अनुकूल आहे.

मोजपट्टी लावता आली नाही तरी छायाचित्रातून मापं निघतात. समोरून काढलेल्या प्रत्येक छायाचित्रात १६७६ मिलिमीटरची एक पट्टी आपोआप असते, ती म्हणजे रुळांमधलं अंतर. बाजूनं काढलेल्या छायाचित्रात चाकाचा व्यास तेच काम करतो. त्यावरून खिडकी, दार, जाळी सगळ्याचं गुणोत्तर काढता येतं. चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेलं पहिलं विजेचं इंजिन, १९६१ मध्ये 'लोकमान्य' या नावानं धावू लागलेलं, मुंबईच्या पंधराशे व्होल्ट डीसी मार्गांसाठीच होतं. ती वीजच आता मुंबईच्या तारांतून गेली. त्या मार्गावरची इंजिनं मॉडेलमध्ये उभी राहावीत अशी इच्छा असेल, तर जुन्या छायाचित्रांचाच आधार उरतो.

आणि नवी मुंबईचं स्वतःचं काय? हे शहर सिडकोनं १९७० मध्ये आखायला घेतलं आणि १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीला लोकल आली, त्या मार्गाच्या खर्चाचा दोन तृतीयांश भार सिडकोनं उचलला. कोकण रेल्वेचं मुख्यालय सीबीडी बेलापूरला आहे. १९९८ च्या प्रजासत्ताक दिनी रोहा ते मंगळूर मार्ग पूर्ण खुला झाला, आणि २०२२ मध्ये विद्युतीकरण संपेपर्यंत त्यावर डिझेल इंजिनांचं राज्य होतं. त्या काळातलं इंजिन म्हणजे नवी मुंबईकराला सर्वांत जवळचा विषय. लोकलही सोपी आहे. ३.६६ मीटर रुंदीचा डबा १:३७ मध्ये दहा सेंटिमीटरला थोडा कमी भरतो. बारा डब्यांची गाडी करायची तर जवळजवळ सात मीटर लागतील. तीन डबे पुरेत.

चालवायची जागा हा शहरातला मोठा प्रश्न आहे असं वाटतं, पण तोही मापाचाच प्रश्न आहे. चार्ल्स कोरिया यांनी बेलापूरला ऐंशीच्या दशकात जी बैठी वसाहत बांधली, आज जिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात, तिथे काही घरांच्या मध्ये सुमारे आठ मीटर बाजूचं सामाईक अंगण असतं. तिथे माथेरानचं वळण, एक स्टेशन, एक बोगदा आणि मुलांना बसायला जागा एवढं सगळं मावतं. गच्ची असेल तर सोसायटीची लेखी परवानगी आणि जलरोधक थराला खिळा न ठोकणं, एवढ्या दोन अटी पाळाव्यात. रूळ दीड-दीड मीटरच्या तुकड्यांत करावेत, म्हणजे पावसाळ्यात उचलून जिन्याखाली ठेवता येतात. खुद्द माथेरानची गाडीही पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज या टप्प्यात बंदच असते.

सगळा हिशेब बेरीज करून पाहिला तर पहिलं इंजिन, रेडिओसह, साधारणपणे दहा हजारांच्या आसपास उभं राहतं, आणि ईएसपी३२ चा मार्ग घेतला तर त्याहून बरंच कमी. दुसऱ्याला ट्रान्समीटर पुन्हा घ्यावा लागत नाही. त्यापुढे खरी गरज पैशांची नसते, एकमेकांच्या मापांची असते. नेरूळला बांधलेलं इंजिन डोंबिवलीला किंवा पुण्याला बांधलेल्या डब्याला जोडता यायला हवं, तर १:३७ साठी तीन आकडे सर्वांनी मिळून ठरवायला हवेत. पहिला, चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर, चाळीस मिलिमीटर. दुसरा, किमान वळणाची त्रिज्या, ब्रॉडगेजच्या लांब डब्यांसाठी दीड मीटरहून कमी नको. तिसरा, बफर आणि कपलिंगच्या मध्याची उंची. भारतीय रेल्वेत ती रिकाम्या गाडीला जास्तीत जास्त ११०५ मिलिमीटर असते, म्हणजे मॉडेलवर तीस मिलिमीटरला किंचित कमी. पहिला डबा कापण्याआधी हे तीन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत.